सातवा दिवस रविवारी येतो

२२ डिसेंबर, सोमवार

पहाटे हे गेले. रुग्णालयातच. घराबाहेर वारलेलं माणूस आमच्यात घरी आणत नाहीत, तिथूनच पुढे न्यायचं. मुलाला मलेशियात फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. आला तर विमानतळावरूनच त्याला सक्तीने लष्करात नेतील. तो रडला. मी फोन ठेवला.

२३ डिसेंबर

झोप नाही. ह्यांचंच बोलणं आठवतं. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ह्यांनी शाळेतली नोकरी सोडली, ती कायमचीच. "मागचं मत लष्करवाल्यांनी खिशात घातलं. आता दुसरं कशाला मागतायत?" — आजारपणातही तेच. मी म्हणायची, हळू बोला.

२४ डिसेंबर

दहन झालं. सातव्या दिवसापर्यंत घराचं दार लावायचं नाही. ह्यांच्या आत्म्याला येता-जाता आलं पाहिजे. गस्तीची गाडी गेली की मी दिवा मालवते.

संध्याकाळी वॉर्डाचे प्रमुख ऊ चॉ डुन आले. सातव्याचं भिक्खूंचं जेवण शनिवारी उरका म्हणाले. रविवारी मतदान आहे.

मी म्हटलं, "सातवा दिवस रविवारी येतो."

"गेलेल्या माणसाला वार कळतात का?"

ताई — ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते — आतून ओरडली, "तुला कळतात ना? मग रविवार कुठला ते बघ! लहानपणी आमच्याच अंगणात शेंबूड ओढत फिरायचास, आता माझ्या भावाचे दिवस तू ठरवणार?"

ते ओशाळले. पण जाताना मला म्हणाले, "नऊपर्यंत उरका. मग सगळ्यांनी शाळेत जाऊन मत द्यायचं. मी बोटं बघणार आहे, दॉ तिन म्या."

२५ डिसेंबर

कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या जावयाला नेलं. फेसबुकवर कुणीतरी लिहिलं होतं, मत देऊ नका. त्याखाली जावयाने बदाम दिला होता. एक बदाम! चहावाला म्हणतो, तीन वर्षं तरी तुरुंग नक्की. दुकान उघडंच होतं, पण चहा घेऊन सगळे लगेच उठत होते.

शेजारणी विचारतात, तू जाणार का? मी म्हणते, बघू. सगळ्या बघूच म्हणतात. जायचं कुणालाच नाही. न जाण्याचं कारण मात्र कुणापाशी नाही.

२६ डिसेंबर

मठात निमंत्रण द्यायला गेले. मठाच्या थोरल्या भिक्खूंना, सयाडॉंना, तीनदा नमस्कार केला आणि तशीच बसून राहिले. उठता येईना. त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

मी म्हटलं, "जेवणानंतरचं प्रवचन... मतदान चार वाजता संपतं, भन्ते. तोवर चालेल का?"

माझ्याच तोंडून हे कसं निघालं!

"सावकाश बोललं तर चालेल," म्हणाले.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "मुकी, मुकी म्हणत होते मी तुला! बोललीस तीही हे!" मग ती नारळ आणायला गेली.

२७ डिसेंबर

नको होतं बोलायला. सगळ्या गल्लीला मी अडकवलंय. परत जाऊन नाही म्हणावं का? गेले नाही.

२८ डिसेंबर, रविवार

उजाडताच माणसं आली. जे कधी येत नाहीत तेही आले. नारळाच्या रश्शातल्या शेवयांचा खाऊस्वे केला होता, पातेलं संपलं, दुसरं चढवलं. भिक्खूंचं जेवण झालं. ह्यांना पुण्य लाभावं म्हणून मी पाणी सोडलं, सगळे साधू, साधू, साधू म्हणाले. मग सयाडॉंनी प्रवचन सुरू केलं.

थोड्या वेळाने ऊ चॉ डुन आले, बरोबर एक शिपाई. दारातून म्हणाले, "चला, उठा सगळे!" सयाडॉंनी नुसतं वर पाहिलं. ऊ चॉ डुननी चपला काढल्या. खाली बसले, हात जोडले. शिपाईही बसला.

सयाडॉ बोलत असताना उठायचं कसं? कुणीच उठलं नाही. अनित्यावर बोलले, मग आईच्या उपकारांवर, मग पुन्हा अनित्यावर. दुपार झाली. ऊ चॉ डुन एक पाय बदलायचे, मग दुसरा. खिशातला फोन सारखा थरथरत होता. ताईने त्यांच्यापुढे चहाच्या पानांची कोशिंबीर सरकवली, अगदी पाहुण्यासारखी. मला वाटलं आता मी हसेन, आणि मग रडेन.

चार वाजून गेल्यावर सयाडॉ थांबले. ऊ चॉ डुनना उठता येईना, शिपायाने धरून उठवलं. तेव्हा दिसलं — त्यांच्या बोटालाही शाई नव्हती! सगळ्यांना घेऊन मग जाणार होते ना!

ते माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "हे मला महागात पडणार. आणि मला पडलं, तर तुम्हालाही."

संध्याकाळी सात दिवसांनी दार लावलं.

२९ डिसेंबर

कुणी आलं नाही. हेच वाईट.

३० डिसेंबर

आले. ऊ चॉ डुन आणि तीन पोलीस. मठात जाऊन सयाडॉंना चारपर्यंत बोला असं कुणी सांगितलं? एवढंच विचारत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. जीभ उचलेना. खरंच उचलेना.

ताई पुढे झाली. "मी. आणखी कोण? हिच्याकडे बघा, हिला नमस्काराला तरी तोंड उघडता येतं का?"

ऊ चॉ डुन खाली बघत होते. त्यांना आम्ही दोघी माहीत आहोत.

ताईने चपला घातल्या. जाताना माझ्यावरच डाफरली, "रस्सा उतू जातोय, तो बघ!" मी आत गेले आणि खरंच चूल विझवली. बाहेर आले तर गाडी निघून गेली होती.

३१ डिसेंबर

उद्या सकाळी ठाण्यात जाऊन सांगणार आहे, मठात गेले होते ती मी. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बांधून ठेवल्या. दुपारी विहिरीवर केस धुतले, आत गेल्यावर पुन्हा कधी धुता येतील कुणास ठाऊक. उन्हात बसून एकटीने विंचरले, वाळेपर्यंत.