शेवटाचे दोन मार्क

औसा,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप अमृतराव दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचा, रामलिंगचा, साष्टांग नमस्कार. आपली शुगर, अक्काचे गुडघे आणि नांदेडचं ऊन ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (शुगरबद्दल जरा शंका आहे, ती पुढं येईल.) आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे कालच्या तिसऱ्या तासापर्यंत होतो.

झालं असं की, नववीच्या पोरांकडून 'माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा प्रसंग' लिहून घ्या, असा यंदा वरून आदेश आला. सोबत तपासायचा तक्ता: सुरुवात, तपशील, भाषा, भावना आणि शेवट, प्रत्येकी दोन मार्क. बेचाळीस वह्या आल्या. त्यातल्या एकोणचाळीस पोरांना लहानपणी नदीत बुडताना एकाच जिवलग मित्रानं वाचवलेलं आहे. आमच्या गावात बुडण्याजोगी नदी नाही, पण गाइडात आहे. दोघांच्या वहीत तर वाचवणाराच बुडाला (उतरवताना एक ओळ सुटली असावी), तरी शेवटी तो टाळ्या वाजवतोच. मी हेडमास्तर शेषेरावांना विचारलं, ह्या खोट्याला मार्क कसे द्यायचे? ते म्हणाले, "तक्त्यात खरं-खोटं असा रकाना हाय का? न्हाई ना? मग बुडू द्या की हो पोरांना." मी सगळ्या बुडालेल्यांना नऊ-नऊ दिले.

बेचाळिसावी वही वर्षाराणीची. पहिलीच ओळ: 'आमच्या महामायाताईला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी आमचा कुकरसुद्धा शिट्टी द्यायला लाजत होता.' दाजी, मी हरखलो! बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या घरातलं लिहिलं होतं. आणि त्या आनंदात माझी अक्कल गेली. पुढचं न वाचताच वही घेऊन वर्गात गेलो आणि खड्या आवाजात, हातवारे करत वाचायला लागलो.

पाहुणे नांदेडचे होते. 'मला गोड चालत नाही' असं दोनदा म्हणून त्यातल्या थोरल्या पाहुण्यांनी चार बालूशाही संपवल्या. (इथंच मला कळायला हवं होतं.) वर्ग हसला, मी वर्गापेक्षा जास्त हसलो. मग त्यांनी, स्वतःचं औषधांचं दुकान चालवणाऱ्या त्या मुलीला, अक्षर बघायचंय म्हणून कागदावर नाव लिहायला लावलं. तिनं लिहिलं, आणि कागद-पेन मुलापुढं सरकवून म्हणाली, "आता तुम्ही." मुलाला स्वतःचं नाव आठवायला थोडा वेळ लागला. पुढची ओळ मी विशेष खणखणीत वाचली: 'थोरले पाहुणे म्हणाले, इथल्या हायस्कुलातले मराठीचे सर माझे मेव्हणे लागतात, पण त्यांना कळू देऊ नका, त्यांच्या पोटात काही राहत नाही.'

अख्खा वर्ग माझ्या पोटाकडं बघायला लागला.

औशाला येऊन माझ्या घरी घोटभर पाणीही न पिता गेलात, याचं मला वाईट वाटलेलं नाही. (वाटलं आहे.) पण निबंध संपतो तो असा: 'पाहुणे कळवतो म्हणून गेले. त्याला चार महिने झाले. फोन वाजला की बाबा आधी टोपी घालतात, मग उचलतात. देगलूरच्या स्थळाला आईनं थांबवून ठेवलंय. ताई म्हणते, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.' बस्स, पुढं कोरं पान. मी विचारलं, "अगं, शेवट कुठाय?"

"तुमच्या दाजीकडं हाय, सर."

शेषेराव म्हणतात, शेवट नाही तर दोन कापा. म्हणजे कोरड्या गावात बुडालेल्यांना नऊ आणि खरं लिहिणारीला आठ! माझ्या हातून तो आकडा पडेना. वही तशीच उघडी पडली आहे. आपलं काही चुकलं असं मी म्हणत नाही. आपण मोठे आहात, चार गावांत पोहे खाऊन चारही घरांना ताटकळत ठेवायचा आपल्याला हक्कच असेल. अक्कास नमस्कार.

आपला आज्ञाधारक (पोट सोडून),
रामलिंग

ता.क. शनिवारी मार्क भरायचे आहेत. तोवर हो किंवा नाही, काय ते एक सांगा. 'नाही' आलं तरी दोन मार्क देईन, शेवट असला म्हणजे झालं.

ता.क. दुसरा. आपल्या आलोकनं परतीच्या गाडीतच 'मला पसंत आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि आपण 'थांब, उदगीरचं एक बघू' म्हणालात, असं समजलं. कुणी सांगितलं ते विचारू नका.

ता.क. तिसरा. विचारणारच, म्हणून सांगतो: तो माझ्यासमोर बसलाय. सकाळी महामायाच्या दुकानात जाऊन, खोकला नसताना खोकल्याचं औषध मागितलं. ती म्हणाली, "वडलांना विचारून आलाव का?" आणि हसली म्हणे. तेव्हापासून भाचा इथंच आहे. पत्र त्यानंच लिहायला लावलं. (बालूशाहीची ओळ खोडा म्हणतोय, मी खोडत नाही.) मी स्वतः जाऊन महामायाला विचारून आलो, तिचं हो आहे. आत्ताच अक्काचाही फोन आला: "मुलीकडच्यांना हो सांगून टाक, ह्यांचं मी बघते." तेव्हा शनिवारचं काही मनावर घेऊ नका. मुलगा मिळेल त्या गाडीनं परत पाठवू, का साखरपुड्यापर्यंत इथंच ठेवून घेऊ, एवढी एकच गोष्ट आपल्या शब्दावर ठेवली आहे.