चहातली गोळी

प्रिय दादा,

तू खरंच काही घेतलं नव्हतंस. त्या दिवशी तू पुन्हा प्यायला जाऊ नयेस म्हणून आईची झोपेची गोळी मीच तुझ्या चहात विरघळवली. गाडीची किल्ली लपवायला मात्र विसरले.

तू सायकलवरच्या मास्तरांना उडवलंस, त्यांचा पाय गेला. तुझ्या रक्तात दारू नाही, गोळी सापडली. "रक्त खोटं बोलतं का रे, नालायका?" बाबा ओरडले, तेव्हा मी भांडी घासत होते.

वकील म्हणाले, नशेत गाडी चालवल्याचं कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल. तू मला विचारलंस, "छोटे, तुझा तरी विश्वास आहे ना?"

मी म्हणाले, "कबूल कर, दादा. आपल्या घरात खोटं चालत नाही."

उद्या तुझी तारीख. शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

तुझीच,
छोटी