लुर्देसच्या घड्याळाचं झाकण

अहो,

लुर्देसच्या त्या चिमुकल्या घड्याळात तिचा नफा किती, हे मी शेवटी मोजलं. दर दोन महिन्यांनी तुमची अख्खी दुपार, आणि वर माझ्या हातच्या पान्सितच्या शेवयांची ताटली.

तुम्ही बहिणीकडे गेलात त्या दिवशी तुमचं कामाचं टेबल पुसताना त्याचं मागचं झाकण उघडं दिसलं. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत आपल्या नावाचं अक्षर आणि तारीख कोरायची तुमची रीत. तिथे फेब्रुवारी, एप्रिल आणि हा जून, तिन्ही तारखा तुमच्याच! तुम्हीच सांगता ना, एकदा नीट साफ केलेलं घड्याळ पाच वर्षं उघडावं लागत नाही? आणि ही गेल्या आठवड्यात फाटकातूनच ओरडते, "ओनोफ्रे, मेलं पुन्हा बंद पडलं हो!"

मी झाकण दाबून बसवलं, किल्ली दिली आणि दोन दिवस मनगटावर बांधलं. चर्चच्या घंटेशी मिनिटाचाही फरक नाही.

तिचा राग नाही. विधवा बाई, बोलायला माणूस हवं. पण धडधाकट घड्याळ तीनदा उघडलंत तुम्ही. डोळ्याला भिंग लावूनही कळलं नाही, असं मला सांगू नका.

घड्याळ तिला परत द्यायला चाललेय. भात झाकलाय, वाळके मासे तेवढे तळून घ्या.

तिला ऐकणारा मिळाला, तुम्हाला "काय हात आहे तुमचा!" म्हणणारी मिळाली. त्या तिन्ही दुपारी ओसरीवरचं हसणं ऐकत मी चुलीपाशी एकटी बसले. तोटा तेवढा माझा.

सिमेओना