रफ स्लेडिंग म्हणजे काय

४ जानेवारी

चि. भाऊस अ. उ. आ.

लेकीच्या दातांच्या लॅबमधल्या मोठ्या बाईंचं इंग्रजी पत्र आलंय. शेजारणीने बाकीचं वाचून दाखवलं, पण ‘तुमच्या मुलीचं सध्या रफ स्लेडिंग चाललंय’ इथे तीही अडली. तू भाषांतरकार, तूच सांग. कवळ्या करायला शिकणं छान चाललंय असं लेक दर पत्रात लिहिते, म्हणूनच मला धास्ती वाटते.

उत्तर लगेच धाड, आळस करू नकोस.

तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एवढ्याशा शब्दाला घाबरलीस? स्लेडिंग म्हणजे बिनचाकी गाडीवर बसून बर्फाच्या उतारावरून घसरणं. रफ म्हणजे धसमुसळं. थोडक्यात, पोरगी काम सोडून हुंदडतेय. मी शब्दकोश उघडलासुद्धा नाही. तीस वर्षं औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं भाषांतरित करतोय, ती काय उगाच? चांगली खरडपट्टी काढ तिची.

लोभ आहेच, तो माझ्या इंग्रजीवरही राहू दे.

भाऊ

१८ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

मी घसरगुंडी खेळते म्हणून आईने चार पानं झापलंय. मामा, इथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो. दिवस खडतर चालले असले की बाई ‘रफ स्लेडिंग’ म्हणतात. माझ्या तीन कवळ्या परत आल्या. एका आजोबांचं तर तोंडच मिटेना. आता मेणात बसवलेला दात चारचारदा काढून पुन्हा लावते. आईला सांगायचा धीर होत नव्हता. बाईंच्या पत्रातून कळेल आणि ती दोन शब्द मायेने लिहील, असं वाटलं होतं. महिनाअखेरीस सोडून येतेय.

राग मानू नकोस.

तुझी भाची

२३ जानेवारी

चि. भाचीस अ. आ.

शब्दकोश काढला. पूर्वी बर्फाच्या मुलखात बिनचाकी गाड्यांवरून ओझी ओढत. वाट खडबडीत असली की जीव मेटाकुटीला येई. त्यावरून तो अर्थ. माझी माहितीपत्रकं वाचून आजवर कुणी कानातलं औषध प्यायलं असेल का, या विचाराने मला घाम फुटलाय.

तुझ्या आईपुढे जाऊन सगळं कबूल केलं. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘पोर एकटी रडत असताना मी तिला झापलं,’ एवढंच पुनःपुन्हा म्हणाली. मला फार लाज वाटली, बाळ.

गुरुवारी ती तुझ्याकडे निघतेय, पण तुला परत आणायला नाही. तिचे खालचे दात जाऊन दोन वर्षं झाली. चौथी कवळी माझीच कर म्हणते, आणि ती बसली नाही तर पाचवीही.

मामा