झाडमेंढीचं संगोपन

३ सप्टेंबर
पोस्टमास्तरकीतून रिटायर होऊन आज बरोबर महिना. आयुष्याला दिशा मिळाली. नर्सरीतून झाडमेंढी आणली. डेझीच्याच कुळातली. उंच डोंगरावर, दगडगोट्यांत वाढते. दुरून मेंढी बसल्यासारखी वाटते. भलेभले धनगर फसलेत. माझी सध्या चहासोबतच्या छोट्या स्कोन-पावाएवढी आहे. नर्सरीवाली म्हणाली, बागेत सहसा जगत नाही, आणि जगलीच तर वर्षाला नखभर वाढते. तिला सिस्टिम ठाऊक नसणार. जानेवारीत आमच्या जेराल्डीन गावच्या फ्लॉवर शोमध्ये ट्रॉफी आपली.

१७ सप्टेंबर
नदीतली खडी आणून बायकोच्या, जॉइसच्या, पिठाच्या चाळणीने चाळली. जॉइस काही बोलली नाही. पटलेलं दिसतं.

२ ऑक्टोबर, सकाळी ६
मोजलं. दोन मिलिमीटर वाढ!

२ ऑक्टोबर, ६.२०
पट्टी उलटी धरली होती. तरी वाढ आहेच, फक्त ती मोजण्यापलीकडची आहे.

२१ ऑक्टोबर
आमचा उन्हाळा तोंडावर आलाय, वायव्येचा गरम वारा सुटलाय. झाडाला थंडी हवी, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. मटण बाहेर काढावं लागलं. शेजारच्या बॅरीने कुंपणावरून विचारलं, मर्विन, तुझ्या मेंढीची लोकर कधी कातरायची? शास्त्राची चेष्टा करणारे प्रत्येक काळात असतात.

२३ ऑक्टोबर
मटण नासलं. नियोजनाचा दोष.

९ नोव्हेंबर
पर्थला आमच्या लेकीचं, फिलिपाचं बाळंतपण, डिसेंबरात. जॉइस म्हणते दोघांनी जाऊ. मी तिला शांतपणे समजावलं: दुपारी छत्री कोण धरणार? पहाटे फवारा? बॅरीच्या हाती हे द्यायचं? तिने वाद घातला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात समंजसपणा येतोच.

२८ नोव्हेंबर
जॉइस गेली. टॅक्सी दारात उभी असताना तिने वाकून झाडाला अंगठ्याने दाबून पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, जप हो याला, मर्विन. आवाज हलला होता. शेवटी तिलाही लळा लागला.

२० डिसेंबर
फिलिपाला मुलगी झाली. फोन नेमका फवाऱ्याच्या वेळी आला, म्हणून आवरता घेतला. वजन सांगितलं होतं. लक्षात नाही. झाडाचा व्यास ६१ मिमी, कालच्याइतकाच.

१० जानेवारी
बॅरीचे गुलाब माना टाकून बसलेत. माझं झाड सप्टेंबरात होतं तसंच. पान गळत नाही, रंग बदलत नाही. या स्थैर्यामागे पद्धत आहे. गार्डन क्लबला व्याख्यान द्यायची तयारी दाखवली. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, कळवू.

१७ जानेवारी
अजून कळवलेलं नाही. तारीख जुळत नसणार.

३१ जानेवारी, रात्री
शो झाला. परीक्षक मिसेस फॅलून. त्यांनी पेन्सिलीने झाडाला टिचकी मारली. टोस्टवर मारल्यासारखा आवाज आला. मग मला जरा बाजूला घेऊन हळूच विचारलं, हे जाऊन किती दिवस झाले? मी सांगितलं, ही त्याची विश्रांतीची अवस्था आहे. त्यांनी दोन बोटांनी झाड उचललं. मुळं उकळलेल्या चहापत्तीसारखी सुटून टेबलावर पडली. म्हणाल्या, नोव्हेंबरच्या मध्यालाच गेलं असावं. फार ओलावा, वर फ्रिजचा दमटपणा. या झाडाचं मेल्यावरही रूप बदलत नाही, त्यामुळे चांगले चांगले फसतात. बॅरी तिथेच उभा होता. हसला नाही. ते जास्त लागलं.

नोव्हेंबरचा मध्य. म्हणजे जॉइस निघाली त्याच्या आधी.

१ फेब्रुवारी
जॉइसला फोन केला. प्रस्तावना करून, हवामानाचा उल्लेख करून, बातमी सांगितली. ती म्हणाली, ठाऊक आहे. निघताना दाबलं तेव्हाच कुरकुरीत लागलं होतं.
मग सांगितलं का नाहीस, विचारलं.
मागे बाळ रडत होतं. मग म्हणाली, सांगितलं असतं तर तू आला असतास.
मी म्हटलं, आता येऊ का? उद्या निघू शकतो.
म्हणाली, नको, इथे सगळं छान चाललंय. बाळ रात्रभर झोपतं, फिलिपा झोपते, मीसुद्धा झोपते. तू कुंडी तेवढी धुऊन ठेव.

१ फेब्रुवारी, दुपारी
कुंडी धुतली.