नकाशातून गाळलेला ओहोळ

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. ओहोळ पुन्हा वाहता झाला म्हणतेस. मास्तर या वयात गुडघाभर चिखलात उतरले, शिंपीणकाकूंनी गाळाच्या टोपल्या उचलल्या, पाणथळीत बदकं परतली आणि यंदा खालच्या गल्लीत कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. ऑफिसात तीनदा वाचलं. 'तू हवा होतास' असं शेवटी लिहिलंयस. मला तिकडे यायला तोंड नव्हतं.

लहानपणी चपला हातात घेऊन त्या ओहोळातून आपण किती हिंडलो. नदी फुगली की जास्तीचं पाणी तिथूनच पाणथळीत शिरायचं. बाबा म्हणायचे, "नदीला जेवण जड झालं की ती इथे येऊन लवंडते."

तीन वर्षांपूर्वी, पुराच्या आदल्या आठवड्यात, मी मोजणी खात्यात आहे म्हणून तू मला फोनवर विचारलंस, "त्या नव्या गोदामामागे ओहोळ मोकळा आहे ना रे? पत्र्याच्या कुंपणामुळे काही दिसत नाही." मी म्हणालो, "आहे गं, काळजी करू नकोस." माझ्या शब्दावर तू गल्लीत घरोघरी सांगत फिरलीस, पाणी पाणथळीत जाईल, घरं सोडू नका. पाणी गल्लीत शिरलं. शिंपीणकाकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यांना वेळेत बाहेर काढता आलं नाही, ते गेले. नंतर वर्षभर तू त्यांचं दार टाळून लांबच्या रस्त्याने बाजारात जायचीस. पुरात कुंपण पडलं, बुजवलेला ओहोळ सगळ्यांना दिसला, तेव्हा तू मला म्हणालीस, "तुलाही फसवलं रे त्या गोदामवाल्यांनी. पण थांबा म्हणून सांगितलं ते मीच." मी समोर बसून चहा पीत होतो. संपवला तो चहा.

ताई, मला कुणी फसवलं नव्हतं. गोदामाच्या जागेचा नकाशा मीच काढला होता. भर उन्हाळ्यात मोजणीला गेलो, बूटसुद्धा मळले नाहीत. साहेब म्हणाले, "पाणी दिसलं का? मग ओहोळ कशाला दाखवतोस?" मी ती रेघ गाळली. कुणी धमकावलं नाही, लालूच दाखवली नाही. वाद घालायचा कंटाळा केला, एवढंच. भराव पडला तेही मला ठाऊक होतं. तुझा फोन आला तेव्हा खरं बोललो असतो, तर गल्ली रिकामी झाली असती.

आता गोदामवाला तोच नकाशा पुढे करून म्हणतोय, इथे ओहोळ कधी नव्हताच, यांनी खणलेला बुजवा. सोमवारच्या सुनावणीत मी तुमच्या बाजूने उभा राहणार आहे. त्या दिवशीची मोजणीवही आणतोय. ओहोळाची मापं तिच्यात माझ्याच हाताने लिहिलेली आहेत. नोकरी बहुधा जाईल. भर सुनावणीत तुला हे परक्यासारखं कळू नये, म्हणून आधी लिहिलं. शिंपीणकाकूंना तू काही सांगू नकोस. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाईन. सोबत येऊ नकोस. त्यांनी दार लावून घेतलं तरी माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच, तुझ्या मागे लपत आलेला
धाकटा