मधल्या पत्र्याविना मोटार

वर्धा,
१० नोव्हेंबर १९५४

चि. सौ. कमल हिला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. समुद्रपूरला तुझ्या आईचा दमा कसा आहे ते कळव. दिवाळी झाली, आता जत्रांचे दिवस. सिनेमाचा तंबू शिवून आणलाय, यंत्रही दुरुस्त झालं. जुनी मोटार मात्र विकून टाकली.

नवीसाठी दोन पाहिल्या. पहिली लांबलचक. आत निजायला दोन फळ्या, स्टोव्हला जागा, तुझ्या डब्यांना कपाट. नत्थू तिच्यावर लट्टू. पण वळवायची म्हणजे अर्धं वावर लागतं. दुसरी लष्कराची जुनी, आखूड. संसार कोंबावा लागेल, पण चालवायला हलकी, बैलगाडीच्या वाटेवरही वळते. आणि चालकाच्या मागे पत्रा नाही, थेट मागची खोली दिसते. मी तीच घेतली. नत्थू म्हणाला, "मालक, इतकी चांगली सोडून हे डबडं काऊन घेता?" त्याला मी हसून टोलवलं.

तुला टोलवणार नाही. आपली जिजा झोपेतच गेली असं मी तुला सांगितलं. तू माहेरी होतीस, नत्थू तंबूपाशी. खरं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

केळझरच्या जत्रेत तिला ताप चढला. मागच्या फळीवर निजवून मी वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघालो. माघातच अवकाळी पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीत चालती मोटार थांबवू नये, थांबली की रुतली, हे तुलाही ठाऊक आहे. तिनं मागून जुन्या मोटारीच्या मधल्या पत्र्यावर थापा मारल्या. "बाबा, थांबवा ना. मले तुमच्यापाशी बसू द्या."

मी ओरडलो, पक्की सडक लागू दे. तिनं तीनदा थापा मारल्या, कमल. सडकेवर दार उघडलं तेव्हा ती फळीवरून उतरून पत्र्याला टेकून बसली होती. अंग अजून गरम होतं.

त्या थापा मला अजून ऐकू येतात. जुनी मोटार विकली तरी येतात. परवा नवी चालवून पाहताना, मागचं सगळं दिसत असूनही, दोनदा उतरून मागे बघून आलो. नत्थूला वाटलं, मी चाक बघतोय.

थांबलो असतो तरी ती कदाचित वाचली नसती. पण माझ्या मांडीवर असती.

हे वाचूनही यावंसं वाटलं, तर ये. एकट्यानं आता माझ्याच्यानं मोटार चालवणं होत नाही. नाही आलीस, तर का म्हणून विचारायचं तोंड मला नाही.

नऊ महिने तुझ्याशी खोटं बोललेला,
लक्ष्मण